पहिल्या ट्रॅकवरचा आवाज

त्या कॅसेटला बुरशी लागली नव्हती. एवढं एक वाक्य मला एका बाईला सांगायचं होतं. त्या कॅसेटसाठी ती माझ्या दारात येत राहिली आणि दर वेळी मी तिला दुसरंच काहीतरी सांगितलं. आता ती राहिली नाही. तिच्या मुलीला मी गेल्या महिन्यात खरं सांगितलं. पण सिल्वासात अजून काही जुनी माणसं आहेत, त्यांच्या घरी आमच्या मंडळाने काढलेली एक दुसरी कॅसेट एखाद्या डब्यात पडलेली असेल. तिच्यात ज्या टाळ्या ऐकू येतात त्या कोणासाठी होत्या, हे त्यांनाही कळायला हवं.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. सिल्वासाच्या सरकारी मराठी शाळेत विज्ञान शिकवायला आलो तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. जिथे काल भाताची खाचरं होती तिथे आज पत्र्याची शेड उभी राहत होती. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं कारखान्यांत कामाला येत होती आणि डोकमर्डीच्या चाळींत एका खोलीत सहा-सहा जण राहत होती. आम्ही सरकारी नोकरीतले मुंबई-कोकणाकडचे लोक वेगळे राहायचो. आमचं एक मंडळ होतं. गणपती, दिवाळी, एखादं नाटक. चाळीतल्या लोकांना आम्ही कार्यक्रमाला बोलवायचो, पण खुर्च्या मागच्या.

मला गाण्याचा आणि यंत्रांचा, दोन्हींचा नाद. त्या नादापायी मी एक मशीन मिळवलं होतं. माझा मेव्हणा आखातात नोकरीला होता, तिथे एका हॉटेलात वाजवणाऱ्या माणसाकडून त्याने ते जुनं घेतलं आणि सुट्टीवर येताना आणलं. चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर. साध्या टेपरेकॉर्डरवर गाणारा, पेटी, ढोलकी सगळे एकमेकांत मिसळून जातात, मग काही वेगळं करता येत नाही. या मशीनवर तसं नव्हतं. एकाच पट्टीवर चार बिऱ्हाडं, प्रत्येकाची चूल वेगळी. कार्यक्रम संपल्यावर घरी बसून पेटी कमी करा, गळा वाढवा, हवं ते करा. मुंबईच्या स्टुडिओत जे होतं ते मला सिल्वासात करता येणार होतं.

अडचणी पुष्कळ होत्या. मशीन कॅसेट दुप्पट वेगाने ओढायचं आणि एकाच बाजूला चालायचं, त्यामुळे नव्वद मिनिटांची कॅसेट वीस-बावीस मिनिटांत संपायची. संपत आली की मी पंचा वर करायचो आणि गाणाऱ्यांनी ती ओळ पुरी करून थांबायचं, असा आमचा नियम होता. कारखान्यांमुळे विजेचा दाब खाली-वर व्हायचा, म्हणून शाळेतला स्टॅबिलायझर उचलून न्यायचो. माइकचे स्टँड परवडत नव्हते. प्रयोगशाळेतले ब्युरेटचे स्टँड घेतले आणि त्यांच्या चिमट्यांत माइक अडकवले. दोन माइक माझे, दोन मंडपवाल्याचे.

सगळ्यांत मोठी डोकेदुखी गळतीची. गाणाऱ्याचा आवाज ढोलकीच्या माइकमध्ये शिरायचा, ढोलकी पेटीच्या माइकमध्ये. असं झालं की चार ट्रॅक असून उपयोग नाही. मी त्यावर उपाय शोधत गेलो. माणसांमध्ये गाद्या उभ्या करायच्या, दोऱ्या बांधून गोधड्या लटकवायच्या, माइक अगदी तोंडाशी आणायचा. या कामात मी हळूहळू फार तरबेज झालो. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे या तरबेजपणाचाच मला सगळ्यांत जास्त त्रास झाला.

ज्याच्यासाठी त्या टाळ्या होत्या तो गाणारा जवळच्या खडोलीच्या एका सूत कारखान्यात मशीनवर होता. धुळ्याकडचा, पंचविशीतला, सडपातळ. रेडिओ दुरुस्त करून घ्यायला माझ्याकडे आला आणि दुरुस्त झालेल्या रेडिओवर गाणं लागलं तसा तो त्याच्याबरोबर गुणगुणायला लागला. माझ्या हातातली सोल्डरिंगची कांडी तशीच राहिली. असा गळा मी त्याआधी जवळून ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. वर जाताना तो ताणायचा नाही, नुसता जायचा.

"कुठे शिकलास?" मी विचारलं.

"कारखान्यात," तो म्हणाला. "तिथं मशीन एवढं ओरडतं सर, की आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून वरच गावं लागतं."

खानदेशात श्रावणात कानबाई ही देवी बसवतात. रविवारी नारळाची कानबाई सजवून बसवायची, रोट करायचे, गाणी म्हणायची, सोमवारी नदीवर न्यायची. भाऊबंदांनी त्यासाठी गावी जायचं असतं. पण कारखान्यात सगळ्यांना रजा मिळत नाही. ज्यांना मिळाली नाही त्यांनी त्या वर्षी डोकमर्डीच्या चाळीतच कानबाई बसवली आणि त्याने मला बोलावलं. "सर, तुमचं मशीन आणा. कानबाईला बी कळू द्या आम्ही कुठं येऊन पडलो ते."

रविवारी दुपारचा कार्यक्रम, कारण संध्याकाळी पाळी सुरू व्हायची. मी चाळीच्या अंगणात गोधड्या टांगल्या. पहिला ट्रॅक त्याचा. दुसरा पेटीचा. तिसरा ढोलकीचा. चौथा बायकांचा, आणि समोर बसलेल्या लोकांचा आवाज आला तर तोही त्यावरच. बायकांच्या पुढे, माइकला लागून त्याची बायको बसली होती. तिला पाचवा महिना होता. तिचा आवाज जाड होता, पण सुराला पक्का.

त्याने माइककडे बघितलं. ब्युरेटचा स्टँड बघून हसला. "सर, हाई मशीन मना आवाज खाई टाकी का?"

"उलट," मी म्हणालो, "जपून ठेवील."

गाणं सवाल-जवाबाचं होतं. पुरुषाने विचारायचं, माय, तू कोणत्या वाटेने आलीस? बायकांनी सांगायचं, तापीच्या काठाने आले. मग, माय, वाटेत काय पाहिलंस? मग, माय, कोणाची आठवण आली? अकरा-बारा मिनिटं चाललं ते. "कथाईन उनी माय" असं तो वर जाऊन विचारायचा आणि त्याची बायको, बाकीच्या बायकांच्या अर्धी मात्रा आधीच, उत्तर द्यायला लागायची. जणू दुसऱ्या कोणी आधी उत्तर दिलं तर तिला चालणार नव्हतं. गाणं संपलं आणि अंगणात ज्या टाळ्या झाल्या तशा आमच्या मंडळात कधी झाल्या नव्हत्या. मी पंचा वर केलाच नाही. टाळ्या थांबेपर्यंत कॅसेट चालू ठेवली.

घरी येऊन मी एकेक ट्रॅक, गाणं सुरू होतं तिथून, वेगळा ऐकला. पहिल्यावर फक्त तो. बाकीच्या तिघांवर त्याचा मागमूस नाही. एवढं स्वच्छ काम मला आधी कधी जमलं नव्हतं. कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे दात मी चिमट्याने मोडून टाकले. ते मोडले की त्या कॅसेटवर चुकूनही दुसरं काही भरता येत नाही.

आता चूक. मी तिला चूक म्हणतो आहे, पण ती चुकून झाली नव्हती.

दिवाळीला मंडळाला काही वर्षं पुरी होत होती आणि आमच्या गाण्यांची कॅसेट काढायची असं ठरलं. आठ गाणी आमची, भावगीतं आणि नाट्यपदं. मी म्हणालो, हे कानबाईचंही घेऊ. मंडळाचे सचिव एका कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी ते गाणं माझ्या खोलीवर बसून ऐकलं.

"आवाज आहे हो त्याचा, नाही कोण म्हणतंय? पण ते 'उनी' काय आणि 'कथाईन' काय! पाहुणे मुंबईहून येणार. त्यांना वाटेल, ही माणसं इथे राहून बिघडली."

"लोकगीत आहे ते."

"मग लोकांना कळेल असं करा. तुम्हीच म्हणा की! गेल्या गणपतीत तुम्ही पद म्हणालात तेव्हा आमची ही म्हणाली, सर शाळेत फुकट चाललेत."

मी 'छे छे' म्हणालो. पण ते गेल्यावर सबंध दिवस माझ्या डोक्यात तेच घुमत राहिलं. बाकीच्या आठ गाण्यांत दोन माझी होती आणि त्याच्या या एका गाण्यासमोर ती दोन्ही काहीच नव्हती. मला ते माहीत होतं. कॅसेट ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळणार होतं.

एका रविवारी सकाळी शाळेच्या प्रयोगशाळेत मी खिडक्या लावून बसलो. चारही ट्रॅक भरलेले होते. माझा आवाज घालायचा तर त्याचा जाणार, हे उघड होतं. त्याआधी त्याच्या आवाजाची एक नक्कल साध्या टेपवर काढून ठेवायची, एवढंच करायचं होतं. दुसरा टेपरेकॉर्डर टेबलावर होता. कोरी कॅसेट खणात होती. मला वाटायचं, लोकांना पुढे सांगीन, घाईत राहून गेलं. खरं असं आहे की मी खण उघडला, कॅसेट पाहिली आणि खण लावून घेतला. ती नक्कल राहिली असती तर कधीतरी कोणीतरी दोन्ही आवाज शेजारी शेजारी लावून ऐकले असते.

दात मोडलेल्या खाचांवर मी सेलोटेप चिकटवला. एक तुकडा नीट बसला नाही, तो काढून दुसरा लावला.

त्याची पट्टी मला झेपणारी नव्हती. मशीनला वेग कमी-जास्त करायची एक चावी होती. वेग उतरवला, गाणं खाली आलं, मी त्यावर म्हटलं आणि मग वेग पूर्ववत केला. त्यामुळे माझा आवाज चढला, बारीक झाला, तरुण झाला. पस्तिशीतला मास्तर पंचविशीतला वाटायला लागला. शब्दही मी बदलले. 'कथाईन उनी'च्या जागी 'कुठून आलीस'. बायका मात्र त्यांच्याच भाषेत उत्तर देत राहिल्या. आणि काही शिल्लक राहू नये म्हणून मी रेकॉर्डिंगचं बटण गाण्यापासून नव्हे, टेप जिथे सुरू होते तिथूनच दाबलं होतं; गाणं येईपर्यंत बाकीचे ट्रॅक बंदच ठेवले होते.

शेवटी टाळ्या आल्या. मी हेडफोन लावून त्या पूर्ण ऐकल्या.

दिवाळीच्या कार्यक्रमात कॅसेट वाजली. तो मागच्या खुर्च्यांवर होता, पाळी बदलून आला होता. मला वाटलं होतं तो उठून जाईल. नंतर चहाच्या टेबलापाशी आला. बरोबर त्याचे चार मित्र.

"मस्त झालं सर. एकदम रेडिओसारखं." मग मित्रांकडे वळून म्हणाला, "देखं का भो? मनी बायको सरले जवाब दी ऱ्हायनी!"

त्याची बायको मला जवाब देते आहे, यावर सगळे हसले. मी पण हसलो. त्याची बायको बाजूला उभी होती, ती पदर तोंडाशी धरून खाली बघत होती. ती हसत होती की काय, ते मी बघितलं नाही.

मित्र पांगल्यावर त्याने हळूच विचारलं, "पन मना आवाजवाली कॅसेट शे ना सर?"

"आहे. जपून ठेवली आहे."

"मग ऱ्हाऊ द्या. पोर झालं की ऐकवीन त्याला. आपला बाप काय होता ते."

त्याला तेव्हाही सांगता आलं असतं. तो जिवंत होता, त्याचा गळा जिवंत होता, मशीन माझ्या खोलीत होतं. दुसऱ्या रविवारी चाळीत जाऊन पुन्हा भरता आलं असतं. मी कित्येक रविवार ठरवलं. पण पुन्हा भरू म्हटलं की पहिलं काय झालं ते सांगावं लागणार होतं. पौषात त्याला मुलगी झाली. होळीला तो गावी गेला तो काविळीने आजारी पडला, पोटात पाणी झालं आणि परत आला नाही.

वैशाखात त्याची बायको सिल्वासाला आली. त्याच कारखान्यात तिला पॅकिंगला घेतलं होतं. मुलीला कडेवर घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली. "सर, त्यांचा आवाज द्या. आमच्याकडे एक फोटो आहे, तो बी लग्नातला, मुंडावळ्यात तोंड दिसत नाही."

मी म्हणालो, शोधावी लागेल.

महिन्याभराने आली. मी म्हणालो, मशीन बिघडलं आहे.

श्रावणात, कानबाईच्या आठवडाभर आधी आली. त्या दिवशी मी म्हणालो, "वहिनी, कॅसेटला बुरशी लागली. इथली हवा माहीत आहे ना तुम्हाला. आवाज उडून गेला."

तिने लगेच विश्वास ठेवला. सिल्वासाचा पाऊस असा की ट्रंकेतल्या साड्यांनाही बुरशी यायची. मग ती म्हणाली, "उन्हात टाकली तं?"

"नाही हो, ते..."

"मी वाळवते ना. आम्ही गोधड्या वाळवतो तशी. ऊन पडलं की टाकायची, ढग आला की उचलायची. मी लक्ष ठेवीन. कामावर गेले तं शेजारीण ठेवील."

मी तिला सांगत बसलो की पट्टीवरची लोखंडाची पूड गेली की आवाज गेला, उन्हाने उलट बिघडेल. वर्गात समजावून सांगावं तसं सांगितलं. प्रत्येक शब्द शास्त्राला धरून होता. ती मान डोलावत ऐकत होती. जाताना म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार सर."

चौथ्यांदा आली ती चार-पाच वर्षांनी, मुलीला शाळेत घालायच्या आधी. या वेळी तिने आवाज मागितला नाही. पिशवीतून मंडळाची कॅसेट काढून दाखवली.

"ही लावते मी घरी. ह्यात मी आहे, ढोलकी आहे, लोक आहेत. पोरगी विचारते, मंधी गातो तो कोण? मी सांगितलं, तुझा बाप. दर कानबाईला लावतो आणि हात जोडतो." मग खाली बघून म्हणाली, "आता ती तुमच्या शाळेत येईल. तुम्ही काही बोलू नका सर. तेवढे उपकार करा."

ती माझ्याकडे उपकार मागत होती. मी 'बरं' म्हणालो.

मुलगी हुशार निघाली. नव्वदचं दशक संपायला आलं तेव्हा ती सातवीत माझ्या वर्गात होती. ध्वनीचा धडा होता. मी फळ्यावर कंपनाची आकृती काढत होतो आणि पाठमोराच विचारलं, "आवाज निघून गेल्यावर तो साठवता येतो का? कोण सांगेल?" तिने हात वर केला.

"हो सर. आमच्या घरी माझ्या बाबांचा आवाज आहे. कॅसेटमध्ये."

"बस खाली," मी म्हणालो.

ती बसली नाही. "सर, आई अहिराणी बोलते, सगळ्या चाळीत तसंच बोलतात. पण बाबा एकदम शुद्ध बोलायचे. कॅसेटमध्ये कळतं ना. मी पण बाबांसारखंच बोलते."

वर्गात एकजण फिसकन हसला. ती माझ्याकडे बघत होती, शाबासकी मिळेल म्हणून. मी म्हणालो, "छान." घंटा व्हायला अजून अर्धा तास होता, तो अर्धा तास मी कसा काढला मला आठवत नाही.

त्यानंतर मी ते मशीन पुन्हा लावलं नाही. मूळ कॅसेट टाकूनही दिली नाही. एका बिस्किटांच्या डब्यात, डबा कपाटात, कपाटाची किल्ली माझ्याकडे. एकदा मनात आलं होतं की गळतीतून तरी त्याचा काही अंश मिळेल, ढोलकीच्या नाहीतर पेटीच्या माइकमध्ये कुठेतरी शिरला असेल. पण मला आठवत होतं की मी गोधड्या किती नीट टांगल्या होत्या. इतका तरबेज मी त्या दिवशी नसतो तर त्याच्या मुलीला बाप थोडा तरी मिळाला असता.

ती मोठी झाली, इथेच एका शाळेत मराठीची शिक्षिका झाली. फार शुद्ध बोलते. आई चार माणसांत अहिराणी बोलायला लागली की ती हलकेच म्हणायची, "आई, नीट बोल ना." हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, माझ्याच घरी. दर वर्षी गुरुपौर्णिमेला दोघी यायच्या. मुलगी माझ्या पाया पडायची आणि आई भिंतीशी उभी राहून बघायची.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. गेल्या महिन्यात मुलगी एकटी आली. पिशवीतून मंडळाची कॅसेट काढली. कव्हर फाटलेलं, त्यावर आईने पॅकिंगची चिकटपट्टी लावलेली.

"सर, ही आता अडकते. तुम्हाला यातलं कळतं म्हणून आणली. मोबाइलवर घेऊन द्याल? बाबांचं आणि आईचं एवढंच एकत्र आहे."

आईला मी शब्द दिला होता. तो मोडायचा हक्क मला होता का, हे मला आजही सांगता येत नाही. पण माझाच आवाज तिच्या बापाचा म्हणून माझ्याच हाताने तिच्या मोबाइलमध्ये घालायचा, हे मात्र मला झेपेना. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. या लेखात सांगितलं त्यापेक्षा कमी शब्दांत. खण, कोरी कॅसेट, सेलोटेप, बुरशी.

तिने हातातली कॅसेट टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे दर कानबाईला मी तुम्हाला हात जोडत होते."

मी कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"आईला माहीत होतं?"

"तो आवाज माझा आहे, हे माहीत होतं. बुरशीचं खोटं होतं, हे नव्हतं."

"मूळ कॅसेट आहे?"

कपाट उघडलं. मशीनमधला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. एका जुन्या टेपमधला काढून बसवला, त्यात दोन तास गेले. ती तेवढा वेळ खुर्चीवरून उठली नाही, पाणीही घेतलं नाही. मशीन फिरायला लागलं तेव्हा मी पहिल्या ट्रॅकची दांडी पूर्ण खाली ओढली. माझा आवाज बंद झाला. बाकीच्या तिन्ही वर केल्या आणि टेप अगदी सुरुवातीपासून लावली.

आधी नुसती खरखर. मग अंगणातली कुजबुज, कोणाच्या तरी बांगड्या. गाण्याआधीचा हा भाग मी कधीच ऐकला नव्हता. पहिल्यांदाही आणि मंडळाची कॅसेट करतानाही मी गाण्यापासूनच ऐकलं होतं आणि नंतर ती कधी लावलीच नाही. आणि त्या कुजबुजीत, चौथ्या ट्रॅकवर, बायकांच्या माइकशी वाकून कोणीतरी पुरुष म्हणाला,

"हयूहयू म्हनजो. दम लागी तुले."

हळूहळू म्हण, दम लागेल तुला. बायको पोटुशी होती, तिला सांगायला तो स्वतःचा माइक सोडून, माझ्या गोधडीच्या पलीकडे वाकला होता.

"हे कोण?" तिने विचारलं.

"तुझे बाबा."

मी टेप मागे घेतली. पुन्हा लावली. पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा ऐकल्यावर ती म्हणाली, "आईसारखंच बोलतात."

"हो."

"मी आईला..." एवढं म्हणून ती थांबली. तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिली.

टेप पुढे गेली. पेटी, ढोलकी. मग एक मोकळी जागा, जिथे तो विचारत होता. आणि त्या जागेला तिच्या आईचं उत्तर, बाकीच्या बायकांच्या अर्धी मात्रा आधी. तापीच्या काठाने आले. पुन्हा मोकळी जागा. पुन्हा उत्तर. असं अकरा-बारा मिनिटं. शेवटी टाळ्या.

"हे एवढं वाक्य," ती म्हणाली, "आई मागायला आली तेव्हाही यात होतं?"

"होतं."

"तिन्ही वेळा?"

"हो. मला माहीत नव्हतं. मी लावूनच बघितली नाही."

"तिने वाळवायला मागितली होती ना. तेव्हा दिली असती तरी कोणीतरी लावून बघितली असती."

तिने मोबाइल टेबलावर ठेवला. "घ्या यावर. तुमचा आवाज काढून."

मी वायर जोडली. मास्तरकीची सवय, विचारून बसलो, "मधल्या जागा फार मोठ्या वाटतील. तशाच ठेवू?"

"नाहीतर कशाने भरणार आहात?" ती म्हणाली.

रेकॉर्डिंग पुरं होईपर्यंत आम्ही दोघं मशीनकडे बघत बसलो. झाल्यावर तिने मोबाइल उचलला, बिस्किटांचा डबा कॅसेटसकट पिशवीत घातला. मंडळाची कॅसेट टेबलावरच ठेवली. दारात चपला घालताना, इतक्या वर्षांच्या सवयीने, ती माझ्याकडे वळली आणि अर्धवट वाकली. मग सरळ झाली आणि जिना उतरून गेली.